विश्लेषण : मांजरीला फेटा-नऊवारी चढवण्याआधी रत्ती जिना का आठवाव्यात?

गणपती असो, दिवाळी असो की ख्रिसमस, मोबाइल उघडला की कुठल्या ना कुठल्या सोसायटीतलं मांजर नटूनथटून बसलेलं दिसतं. अंधेरीत फेटा, मुलुंडमध्ये नऊवारी, घाटकोपरमध्ये नवरात्रीची चनिया-चोळी. खाली कमेंटमध्ये बदामांचा पाऊस. यातली काही मांजरं खरंच निवांत असतात. बरीचशी फक्त निवांत दिसतात. हा फरक ओळखता आला तर मांजरीला सजवायला हरकत नाही. तो ओळखता येत नसेल तर मात्र हौस आपली आणि हाल तिचे.

हे समजून घेण्यासाठी मुंबईतल्याच एका बाईची गोष्ट उपयोगी पडते. आपल्या कपड्यांमुळे त्या सगळ्या शहरात चर्चेत राहिल्या, आणि मरणाच्या दारात असताना त्यांना काळजी होती ती आपल्या मांजरांची. त्यांचं नाव रतनबाई पेटिट, लग्नानंतरच्या रत्ती जिना. पाकिस्तानचे संस्थापक महंमद अली जिना यांची पत्नी, एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते. पण त्या ज्या घरात जन्मल्या त्या घराचा कापडाशी आणि मुंबईतल्या जनावरांशी असलेला संबंध जिनांच्या आधीचा आहे.

पेटिट घराणं आणि परळचं रुग्णालय

पेटिट हे आडनाव पारशी वाटत नाही, कारण ते मुळात फ्रेंच आहे. या घराण्यातले एक पूर्वज फ्रेंच व्यापाऱ्यांसाठी काम करायचे. ते चणीने लहान होते, म्हणून फ्रेंच लोक त्यांना आपल्या भाषेत छोटा म्हणू लागले आणि तेच आडनाव होऊन बसलं. आडनाव छोटं असलं तरी पुढे संपत्ती मात्र डोंगराएवढी झाली. रत्ती यांचे पणजोबा सर दिनशॉ माणेकजी पेटिट (१८२३ ते १९०१) हे मुंबईच्या कापड गिरण्यांच्या पहिल्या पिढीतले बडे मालक. १८९० मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना बॅरोनेट केलं. हा किताब वंशपरंपरेने चालतो, त्यामुळे घरात पुढचे ‘सर दिनशॉ पेटिट’ही झाले आणि वाचणाऱ्यांचा गोंधळ वाढला. रत्ती यांचे वडील दुसरे सर दिनशॉ, म्हणजे पहिल्यांचे नातू.

पणजोबांचं एक काम आजही मुंबईत उभं आहे. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी शहरात घोड्यांनी ओढायच्या ट्राम धावू लागल्या होत्या. माल बैलगाडीतून जायचा, माणसं घोड्यांच्या जिवावर फिरायची, आणि जखमी किंवा थकलेलं जनावर रस्त्यातच कोसळायचं. १८८३ मध्ये परळला प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं ते सर दिनशॉ यांच्या देणगीतून. नाव दिलं पत्नीचं : बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. याच रुग्णालयाच्या आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. (इंजिनीअरिंग केलेल्या वाचकांसाठी जाता जाता : ज्या व्हीजेटीआयच्या कटऑफने बारावीत झोप उडवलेली असते, तिच्या उभारणीलाही याच दिनशॉ पेटिट यांचा हातभार होता.)

गिरणीतलं कापड एका हाताला आणि जनावरांचा दवाखाना दुसऱ्या हाताला, अशा या घरात २० फेब्रुवारी १९०० रोजी रत्ती यांचा जन्म झाला.

मलबार हिलवरचं बालपण आणि दार्जिलिंगचा उन्हाळा

राहणं मलबार हिलच्या पेटिट हॉलमध्ये. नोकरचाकर, इंग्रजी कवितांची पुस्तकं, परदेशवाऱ्या. सरोजिनी नायडूंच्या घराशी जवळीक होती. त्यांच्या मुली पद्मजा आणि लीलामणी या रत्ती यांच्या मैत्रिणी. वडिलांच्या ओळखीतल्या मंडळींमध्ये एक नाव होतं बॅरिस्टर महंमद अली जिना. मुंबई हायकोर्टातले नामवंत वकील, काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्हींत वजन असलेले नेते. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या प्रकरणात टिळकांची बाजू हायकोर्टात त्यांनीच लढवली आणि जिंकली.

त्याच १९१६ च्या उन्हाळ्यात जिना पेटिट कुटुंबासोबत दार्जिलिंगला होते. तिथे त्यांनी सर दिनशॉ यांना आंतरधर्मीय विवाहांबद्दल मत विचारलं. सर दिनशॉ यांनी अशा लग्नांनी समाज जवळ येतील असं मोकळेपणाने सांगितलं. त्यावर जिनांनी त्यांच्याच मुलीला मागणी घातली, अशी हकीकत सांगितली जाते. रत्ती तेव्हा १६ वर्षांच्या, जिना चाळिशीला टेकलेले. सर दिनशॉ यांचा मोकळेपणा तिथेच संपला. त्यांनी कोर्टातून मनाई आणली आणि रत्ती सज्ञान होईपर्यंत दोघांच्या भेटी बंद झाल्या.

रत्ती यांनी वाट पाहिली. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर, १८ एप्रिल १९१८ रोजी त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी मलबार हिलवरच्या जिनांच्या ‘साउथ कोर्ट’ या बंगल्यात निकाह झाला. माहेर तुटलं. पारशी समाजात खळबळ उडाली. कागदोपत्री नवीन नाव मरियम ठेवलं गेलं, पण त्या अखेरपर्यंत रत्तीच राहिल्या.

गव्हर्नरच्या जेवणावळीतली शाल

रत्ती यांच्या कपड्यांबद्दल मुंबईत तेव्हा घरोघरी बोललं जायचं. झिरझिरीत रेशमी साड्या, बिनबाह्यांची पोलकी, केसांवर हिऱ्यांची पट्टी, हातात लांब दांडीची सिगारेट. १९१८ सालच्या मुंबईत हे धाडस होतं. आजच्या भाषेत त्या ट्रेंड सेट करत होत्या. पण त्यासाठी लागणारा मनस्तापही त्यांनाच सोसावा लागत होता.

लग्नानंतरच्या काही महिन्यांतला एक प्रसंग जिनांच्या बहुतेक चरित्रांत येतो. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्याकडे मेजवानी होती. रत्ती यांनी खोल गळ्याचा पोशाख घातला होता. लेडी विलिंग्डन यांना तो रुचला नाही. तसं तोंडावर म्हणण्याऐवजी त्यांनी अधिकाऱ्याला बोलावून मिसेस जिनांसाठी शाल आणायला सांगितलं, त्यांना थंडी वाजत असेल तर म्हणून. जिना उभे राहिले. आपल्या पत्नीला थंडी वाजली तर ती स्वतः सांगेल आणि शालही स्वतः मागेल, असं सुनावून ते रत्ती यांना घेऊन निघून गेले. विलिंग्डन असेपर्यंत त्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विलिंग्डन यांचं स्मारक उभारण्यासाठी टाउन हॉलमध्ये सभा भरली. ती उधळायला गेलेल्या निदर्शकांचं नेतृत्व जिनांकडे होतं आणि रत्तीही तिथे होत्या. त्या विजयाची आठवण म्हणून लोकांनी वर्गणी काढून बांधलेला जिना हॉल लॅमिंग्टन रोडच्या काँग्रेस हाउसच्या आवारात आहे.

शालीचा प्रसंग साधारणपणे जिनांच्या बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. वाचताना एक गोष्ट मात्र खटकते. शाल कुणासाठी आहे? रत्तीसाठी. थंडीची काळजी कुणाला? लेडी विलिंग्डनना, तीही वरवरची. उत्तर कुणी दिलं? जिनांनी. जिच्या अंगावर कापड पडणार होतं, तिला विचारलंच नाही कुणी.

आणि इथेच मांजरीचा विषय येतो. तिच्या अंगावर झबलं चढवताना आपण नेमके लेडी विलिंग्डनच्या जागी उभे असतो. डिसेंबरात तिला थंडी वाजत असेल, म्हणून स्वेटर. सण आहे, तिलाही छान वाटेल, म्हणून फेटा. खरं कारण वेगळंच असतं.

मांजर सांगते, पण आपल्याला कळतं का?

मागच्या दिवाळीत आमच्या बोरिवलीच्या घरी मी हेच केलं. ऑनलाइन मागवलेलं छोटंसं जॅकेट आणि रबरबँड लावलेला तयार फेटा. मांजरी आधी जागच्या जागी थिजली. मग पोट जमिनीला लावून मागे-मागे सरकत सोफ्याखाली गेली आणि तिथे एका कुशीवर पडून राहिली. घरात सगळे हसत होते. आई म्हणाली, किती शहाणी आहे, अजिबात त्रास देत नाही. तो व्हिडीओ मी टाकलाही. नंतर एका पशुवैद्यांना सहज दाखवला तेव्हा कळलं, ते शहाणपण नव्हतं. ती घाबरून गोठली होती.

कुत्रा नाराज असेल तर बहुधा अंग झटकतो, कपडा ओढतो, भुंकतो. मांजर अनेकदा उलट करते. हालचालच बंद करते. शिकार करणारा आणि स्वतःही शिकार होऊ शकणारा हा छोटा प्राणी संकटात दबा धरून राहतो. अंगाभोवती काही आवळलं की काही मांजरं चालताना पाय विचित्र उचलतात, उलट्या पावली चालतात किंवा सरळ कुशीवर कलंडतात. फोटोत हे ‘पोज’ दिल्यासारखं दिसतं. बघायचं ते चेहऱ्याकडे आणि शेपटीकडे. कान बाजूला वळलेले किंवा डोक्याला चिकटलेले, बाहुल्या मोठ्या झालेल्या, शेपूट अंगाखाली घेतलेली किंवा सटसट आपटणारी, पाठीची कातडी थरथरणारी : यातलं एक जरी दिसलं तरी उत्तर नाही असं आहे. कपडा काढायचा, फोटो झालेला असो वा नसो. याउलट ती नेहमीसारखी चालते आहे, खेळते आहे, खाऊ खाते आहे, शेपूट उभी ठेवून तुमच्या पायाला अंग घासते आहे, तर काही मिनिटं चालेल. काही मिनिटं म्हणजे काही मिनिटंच. कपडा घालून मांजरीला घरात एकटं सोडायचं नाही, झोपू द्यायचं नाही.

ज्याने मांजरांना कपडे घालून फोटो काढण्याचा धंदाच केला, त्यालाही हे ठाऊक होतं. अमेरिकेतला हॅरी व्हिटियर फ्रीज (१८७९ ते १९५३) मांजरीच्या पिल्लांना झगे, टोप्या घालून त्यांची पोस्टकार्डं आणि मुलांची पुस्तकं काढायचा. म्हणजे मुंबईत रत्ती वाढत होत्या, त्याच काळात. त्याचे कपडे बटणांऐवजी पिनांवर तगायचे, म्हणजे झटकन घालता आणि काढता येतील. तरीही दोनतृतीयांश फोटो वाया जायचे आणि या कामाचा ताण इतका की तो वर्षातले जेमतेम तीन महिनेच ते करायचा. आपल्याकडे मोबाइलवर एका मिनिटात पन्नास फोटो निघतात. एकावन्नाव्यासाठी मांजरीला धरून ठेवायचं काहीच कारण नाही.

मुंबईच्या हवेत कपड्याचा प्रश्न वेगळा का?

कॉलेजात शिकलेल्या हीट ट्रान्सफरचा नोकरीत अजून काही उपयोग झालेला नाही, पण इथे होतो. माणूस सर्वांगाने घामेजतो आणि घाम वाळला की गार होतो. मांजरीला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांमधून. उरलेलं काम ती जिभेने करते : अंग चाटते, लाळ केसांवर पसरते, वाळते आणि अंग थंड होतं. आता अंगभर पॉलिस्टरचं जॅकेट चढवलं की काय होतं? चाटण्याची वाटच बंद. त्यात मुंबईची दमट हवा. ओलावा वाळायला आधीच वेळ लागतो. मांजरीच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, आपल्यापेक्षा जास्त, आणि तिच्या अंगावर केसांची शाल जन्मापासूनच आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये, पंखा बंद करून, दिव्यांच्या झगमगाटात केलेलं ‘फोटोशूट’ तिला खरोखर महागात पडू शकतं. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकणं मांजरीत सर्वसाधारण नसतं. तसं दिसलं तर कपडा उतरवून, तिला गार जागी नेऊन, लगेच डॉक्टरांना फोन करायचा. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरींना श्वासाची अडचण मुळातच असते. त्यांच्या गळ्यात आणि तोंडाजवळ काहीही नको.

मग घालायचंच असेल तर काय? सर्वांत सुरक्षित म्हणजे सुती, सैलसर, पाठीवर टाकायचा तुकडा किंवा गळ्यातला साधा स्कार्फ, तोही ओढला की आपोआप सुटेल असा. गळ्याभोवती दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कान बंद करणारी टोपी, टोपरं, कुंची नको. मांजर कानांनीच निम्मं जग बघते. मिश्यांवरही काही आलेलं नको, आणि मिश्या फक्त तोंडावर नसतात : डोळ्यांच्या वर असतात आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असतात. त्यामुळे घट्ट बाह्या तिला आपल्या कल्पनेपेक्षा जास्त खुपतात. पायांत बूट तर नकोतच. शेपूट आणि मागची बाजू मोकळी हवी, नाहीतर शी-शूची पंचाईत.

सर्वांत धोकादायक गोष्ट मात्र दिसायला सर्वांत निरुपद्रवी असते : दोरा. फेट्याचा सुटलेला तुरा, साडीच्या काठातली जर, गजऱ्याचा दोरा, राखीचा धागा, रबरबँड. मांजरीच्या जिभेवरचे काटे मागच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, ती गिळतच जाते. तो आतड्यात अडकला की करवतीसारखा कापत जातो आणि शस्त्रक्रिया करावी लागते. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. थेट दवाखाना. टिकल्या, घुंगरू, शोभेचे मणी यांचंही तसंच.

अजून एक आपल्या घरांतली सवय. सणासुदीचे कपडे ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवायचे आणि त्यातलाच जुना तुकडा मांजरीला गुंडाळायचा. या गोळ्यांतलं नॅप्थलीन मांजरींसाठी विषारी असतं, आणि कपड्याला लागलेलं सगळं ती चाटून पोटात घेणार. अत्तर, स्प्रे, टी ट्री तेल यांचंही तेच. कपडा आधी साध्या साबणाने धुऊन, नीट खळबळून, उन्हात वाळवायचा. मग तो दोन दिवस तिच्या झोपायच्या जागी नुसता पडू द्यायचा. तिने त्यावर अंग घासलं, त्यावर झोपली, की निम्मं काम झालं. अंगावर टाकायचं त्यानंतर, खाऊ देत, अर्धा मिनिट. ती उठून गेली तर जाऊ द्यायचं.

उपनगरातल्या टॉवरवासीयांसाठी खिडकीचा मुद्दा वेगळाच आहे. कपडा घातलेलं मांजर ग्रिलवर चढलं आणि पट्टा सळईत अडकला, तर ते गळफासासारखं लटकू शकतं किंवा तोल जाऊन पडू शकतं. जाळी नसलेल्या घरात सजावटीचा विचारच करू नये. दार उघडं, पाहुणे येत-जात आहेत, खाली फटाके वाजताहेत, अशा वेळी तर मुळीच नाही. घाबरलेली मांजरी पळाली तर तीच झालर झाडात, गाडीच्या चाकात अडकते.

कपडा खरोखर गरजेचा असतो अशाही वेळा आहेत. नसबंदीची शस्त्रक्रिया झाल्यावर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यातल्या प्लास्टिकच्या भोंग्याऐवजी अंगात घालायचा सुती सूट मिळतो. केस नसलेल्या स्फिंक्स जातीच्या मांजरांना एसीत उबेची गरज भासते. पण तिथेही माप आणि काळ डॉक्टर ठरवणार, आपण नाही. आणि कुणी मुद्दाम छळत असेल तर प्राण्याला अनावश्यक वेदना देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, लाइक कितीही मिळोत.

ताज हॉटेलमधले दिवस

रत्ती यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र फोटोत मावणारा नाही. ऑगस्ट १९१९ मध्ये लंडनला मुलगी झाली, दिना. १९२० च्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींच्या असहकाराला विरोध करून जिना एकाकी पडले आणि काँग्रेसमधून बाहेर पडले. त्या प्रवासात रत्ती सोबत होत्या. पुढे जिनांचं राजकारण आणि वकिली वाढत गेली, घरातलं बोलणं कमी होत गेलं. रत्ती आजारी राहू लागल्या. थिऑसॉफी, मृतात्म्यांशी संवाद असल्या गोष्टींत मन रमवू लागल्या. सोबतीला कुत्री होती, मांजरं होती. त्यांचे जवळचे मित्र कांजी द्वारकादास यांनी पुढे त्यांच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. रत्ती यांच्या शेवटच्या दिवसांची माहिती त्यातूनच मिळते.

१९२८ च्या सुरुवातीला त्या ‘साउथ कोर्ट’ सोडून ताज महाल हॉटेलात राहायला गेल्या. त्याच वर्षी आईसोबत पॅरिसला गेल्या आणि तिथे प्रकृती इतकी ढासळली की वाचतील की नाही अशी स्थिती झाली. युरोपातच असलेले जिना धावत आले, रुग्णालयात रोज बसून राहिले. त्या बऱ्या झाल्या. लोकांना वाटलं संसार सावरला. पण मुंबईला दोघे वेगवेगळे परतले.

१९२९ चा फेब्रुवारी. जिना दिल्लीत कायदेमंडळाच्या अधिवेशनात. रत्ती मुंबईत, फार खचलेल्या. कांजी रोज भेटायला यायचे. मृत्यूच्या आदल्या दिवशी निरोप घेताना रत्ती यांनी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली : माझ्या मांजरांना सांभाळ आणि ती कुणाला देऊन टाकू नकोस. घराण्याची इस्टेट, दागिने, साड्यांनी भरलेली कपाटं, यांतलं काहीच त्या निरोपात नव्हतं. २० फेब्रुवारी १९२९ रोजी, आपल्या २९ व्या वाढदिवशी, रत्ती गेल्या. जिना दिल्लीहून रेल्वेने आले. २२ तारखेला माझगावच्या खोजा कब्रस्तानात दफनविधी झाला. कबरीवर माती टाकण्याची वेळ आली तेव्हा जिना सर्वांसमोर रडले. त्यांचे कनिष्ठ सहकारी एम. सी. छागला यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे. एरवी त्यांना असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

मुलगी दिना हिने १९३८ मध्ये नेविल वाडिया यांच्याशी लग्न केलं, तेही वडिलांच्या मर्जीविरुद्ध. पारशी मुलीशी लग्न केलेल्या जिनांनी मुलीच्या पारशी नवऱ्याला विरोध करावा, हा योगायोग त्या काळातही लोकांच्या नजरेतून सुटला नव्हता. वाडिया म्हणजे बॉम्बे डाइंग. पणजोबांच्या गिरणीपासून सुरू झालेलं कापड पुन्हा घरात आलं. दिना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या.

अडचण आली तर जायचं कुठे?

जवळच्या, रोजच्या ओळखीच्या पशुवैद्यांकडेच आधी. त्यांचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला असावा, दिवाळीच्या आठवड्यात तर नक्कीच. साकरबाई पेटिट यांच्या नावाचं रुग्णालय परळला आचार्य दोंदे मार्गावर आजही सुरू आहे. मुलुंड-घाटकोपरहून मध्य रेल्वेने परळ, अंधेरी-बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने प्रभादेवी स्टेशन. पशुवैद्यक महाविद्यालयाचा एक भाग गोरेगावलाही आहे. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या. मांजर हातात धरून रिक्षात बसू नका. झाकणाची, हवेशीर बास्केट घ्या आणि आत तिच्या वासाचा जुना टॉवेल घाला. कपडा अंगावर असेल तर बास्केटमध्ये ठेवण्याआधी काढा, अडकला असेल तर कात्रीने कापा. आमच्याकडचं ते जॅकेट अजून आहे. त्याची घडी करून तिच्या बास्केटच्या तळाशी घातली आहे, आणि तिथे ती त्यावर दुपारभर झोपते.